मूलबाळ नाही, मग हे सगळं कुणाचं?

आत्याने मला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा डोंबिवलीच्या तिच्या स्वयंपाकघरात, थालीपीठ थापता थापता. “अगं, ते विल का काय म्हणतात, ते कसं करतात? मला एकदा करून टाकायचंय.” मी म्हटलं, “असं अभद्र काय बोलतेस? तुला काही होत नाही अजून वीस वर्षं.” दुसऱ्यांदा फोनवर. मी ऑफिसमधून घरी चालले होते, दमले होते. “दिवाळीनंतर बघू गं,” म्हणाले. दिवाळी झाली, मी विसरले, आणि पुढच्या दिवाळीला आत्या नव्हती.

आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. मूल नव्हतं. सासरच्यांनी वर्षभरात माहेरी आणून सोडलं. पुन्हा ना ती गेली, ना कुणी बोलावलं. मग बी.एड., शाळेत नोकरी, तीस वर्षं गणित. १९९१ साली शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून तिने वन रूम किचन घेतलं. काही वर्षांनी तिच्याच शाळेतल्या एक अविवाहित बाई तिच्याकडे राहायला आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. लाइटबिल एकीचं, वाणसामान दुसरीचं, असा बावीस वर्षांचा संसार. आत्याच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा तिला रिक्षाने डायलिसिसला नेणारी आणि बाहेरच्या बाकड्यावर चार तास शब्दकोडं सोडवत बसणारी मावशीच.

२०१९ मध्ये आत्या गेली. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून मावशीचं नाव होतं आणि त्या एका फॉर्मवर आम्ही सगळे निर्धास्त होतो. तेराव्यानंतर महिन्याभरात नोटीस आली. आत्याचे दीर कधीच वारले होते. त्यांच्या दोन मुलांनी, म्हणजे आत्याच्या पुतण्यांनी, घरावर हक्क सांगितला होता. यातल्या एकाला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वकिलांनी फाईल चाळली आणि म्हणाले, “भांडलात तर पाच-सात वर्षं काढाल. शेवटी हराल.”

मावशी तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चार महिन्यांत त्यांनी घर रिकामं केलं. बरोबर नेलं ते मिक्सर, दोन पातेली, शिलाई मशीन आणि आत्याच्या गणिताच्या वह्या. आता बदलापूरला भाड्याच्या खोलीत असतात.

मी त्या पुतण्यांना शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाहीये. कायद्याने जे त्यांचं होतं ते त्यांनी घेतलं. अनोळखी काकूचं घर उद्या माझ्या पदरात पडलं, तर मी ते परत करेन का? छातीवर हात ठेवून ‘हो’ म्हणता येत नाही मला. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. मूल नसलेल्या माणसाने आपल्या मिळकतीबद्दल बोलणं आपण अभद्र ठरवलंय, आणि ते बोलला नाही की ती मिळकत जाईल तिथे जाऊ देतो. त्या अभद्रपणाच्या यादीत मीही आहे.

तुमच्या वतीने १९५६ साली लिहिलेलं मृत्युपत्र

“मी मृत्युपत्र केलेलं नाही” असं जेव्हा तुम्ही म्हणता, तेव्हा ते अर्धसत्य असतं. तुमचं मृत्युपत्र तयार आहे. तुम्ही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर ते संसदेने १९५६ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा म्हणून मंजूर केलंय. तुम्ही ते वाचलेलं नाही, एवढंच.

वाचा. मूल नसलेला विवाहित पुरुष गेला, तर त्याची मिळकत बायको आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. मूल नसलेली विवाहित बाई गेली, तर सगळं नवऱ्याला. इथवर ठीक. पण नवरा आधीच गेलेला असेल तर? कलम १५ सांगतं, नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतरच्या पायरीवर आहेत. आईवडिलांकडून वारशाने आलेली वस्तू तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण तिने स्वतः कमावलेलं, पगारातून घेतलेलं, ईएमआय भरून सोडवलेलं? ते सासरी. तिला तिथून हाकललं असलं तरी.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेलं एक प्रकरण वाचून बघा. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी मुलीला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसे साठवले आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. आई हयात होती. पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. त्याआधीच, २००८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २०७ व्या अहवालात हे कलम सुधारा असं सुचवलं होतं. कलम आजही आहे तसंच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाला आव्हान देणारी याचिका आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने वैधतेचा प्रश्न खुला ठेवला आणि स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, आवाहन केलं, की मृत्युपत्र करा. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय ‘आपापली छत्री घेऊन निघा’ म्हणतंय, तर पावसाचा अंदाज घ्यायला आणखी कुणाला विचारायचं?

आता माझं गणित सांगते. नवरा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मूल नाही. पुण्यातलं घर दोघांच्या नावावर, हप्ता निम्मा निम्मा. सासरे नाहीत, सासूबाई आहेत. माझे वडील नाहीत, आई आहे. समजा आम्ही दोघं एक्स्प्रेस-वेवर एकाच गाडीत, एकाच अपघातात गेलो. आधी कोण गेलं ते कळायला मार्ग नाही. याच कायद्याचं कलम २१ म्हणतं, अशा वेळी वयाने लहान असलेली व्यक्ती मागाहून गेली असं धरायचं. म्हणजे कागदावर काही क्षण मी विधवा. त्या काही क्षणांसाठी माझी सगळी कमाई ‘नवऱ्याच्या वारसांची’ होते. सासूबाईंना सगळं, माझ्या आईला, जिने दागिने मोडून माझी इंजिनिअरिंगची फी भरली तिला, शून्य. सासूबाई चांगल्या आहेत. प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नाही. माझ्या आईचं म्हातारपण कुणाच्या चांगुलपणावर सोडायचा अधिकार मला आहे का, हा आहे.

ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. लग्नाशिवाय एकत्र राहत असाल, तर दहा वर्षांनंतरही या यादीत जोडीदाराचं नाव नाही. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यांच्यासाठी तर मृत्युपत्र हा एकमेव दरवाजा आहे. आत्या आणि मावशी यांच्यासारख्या मैत्रिणींना कायद्यात नावच नाही.

आणि नॉमिनी? तुम्ही बँकेच्या, म्युच्युअल फंडाच्या, डीमॅटच्या अ‍ॅपवर दोन टॅप करून भरलेला तो नॉमिनी म्हणजे पार्सल ताब्यात घेणारा वॉचमन. पार्सल त्याचं नसतं. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं : नॉमिनी मालक होत नाही, मालक ठरतो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. आयुर्विम्यात २०१५ नंतर आईवडील, जोडीदार, मुलं यांच्यापुरता अपवाद आहे. घराला नाही. मावशींच्या हातात वॉचमनचं रजिस्टर होतं आणि आम्ही त्याला सातबारा समजत होतो.

रक्ताचा दावा

मृत्युपत्र करायचंय, हे मी दादाला सांगितलं. तो मनाने उदार माणूस आहे. तरी पहिलं वाक्य आलं, “त्यात करायचंय काय? आमची दोघं आहेतच की.”

“आमची दोघं” म्हणजे माझा भाचा आणि भाची. माझा जीव आहे त्यांच्यावर. पण त्या ‘आहेतच की’ मधला ‘च’ ऐका. मूल नसलेल्या माणसाची मिळकत म्हणजे भाच्या-पुतण्यांची आगाऊ ठेव. तो माणूस मध्ये बसलेला खजिनदार. त्याने नवी गाडी घेतली की घरात कुजबुज, “कशाला एवढा खर्च?” परदेशी फिरायला गेला की “यांना काय, मागे-पुढे कोण आहे!” हे मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

आपल्याला याचा इतिहासही आहे. साताऱ्याच्या छत्रपतींना पुत्र नाही, दत्तक मान्य नाही, म्हणून १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केला. मग नागपूर, मग झाशी. शाळेत हे शिकताना आपलं रक्त खवळतं. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी घेतलेला दत्तक मुलगा इंग्रजांनी नाकारला, हा केवढा अन्याय! औरस वारस नाही, तर तुम्ही निवडलेल्या माणसाला आम्ही मानत नाही, हे डलहौसीचं तत्त्व. आत्याने बावीस वर्षं जिला निवडलं होतं तिला आम्ही नातेवाइकांनी काय म्हटलं? “शेवटी ती परकीच.” डलहौसी आमच्याच दिवाणखान्यात पोहे खात बसला होता.

रक्ताच्या हक्काबद्दल बोलणाऱ्यांनी आणखी एक कायदा वाचावा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मूल नसलेल्या ज्येष्ठांचाही विचार करतो. अशा ज्येष्ठाची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा त्यांच्यानंतर ज्याला मिळणार आहे, त्या सज्ञान, ऐपत असलेल्या नातेवाइकाने त्यांना सांभाळायचं आहे. नाही सांभाळलं तर ज्येष्ठाला न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. म्हणजे वारसा आणि जबाबदारी कायद्याने एका गाठीत बांधलेली आहेत. आत्याच्या डायलिसिसच्या दोन वर्षांत ही गाठ कुणी दाखवली नाही, आत्यालाही माहीत नव्हती. घर रिकामं करायच्या नोटिशीत मात्र ‘कायदेशीर वारस’ हे शब्द ठळक टायपात होते.

भाच्यांना काहीच देऊ नका, असं मी म्हणत नाही. द्यायचं तर ते भाचे आहेत म्हणून आपोआप न देता, विचार करून द्या. आणि काय देणार आहात, काय नाही, ते हयातीतच सांगून टाका. मी सांगितलं. भाचा एकोणीस वर्षांचा आहे. “आत्या, मग आता मी तुला फक्त आवडतेस म्हणून फोन करणार,” म्हणाला. थट्टेत म्हणाला, पण आमच्यामधून एक तिसरा माणूस उठून गेला असं वाटलं.

सेवेचा दावा

दुसरं लोकप्रिय उत्तर : “म्हातारपणी जो बघेल त्याला.” ऐकायला न्याय्य. प्रत्यक्षात ही नोकरी आहे, जिचा पगार मालक मेल्यावर मिळतो आणि किती ते आधी सांगत नाहीत. घराच्या किल्ल्या कमरेला लावून आज या पुतण्याकडे, उद्या त्या भाचीकडे बघत राहणारे आजोबा आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना कळत नाही की चहात साखर प्रेमाने घातलीय की अपेक्षेने, आणि करणाऱ्यालाही ते कळेनासं होतं. शेवटी दोघंही एकमेकांचा तिरस्कार करू लागतात.

शिवाय ‘बघतं’ कोण? चेक पुतण्याच्या नावाचा असतो, पण अंग पुसते पुतण्याची बायको किंवा ब्यूरोतून आलेली बाई. त्या बाईचं नाव मृत्युपत्रात किती जण घालतात?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सेवेचे पैसे जिवंतपणी द्या, वेळेवर द्या, नीट द्या. सांभाळणाऱ्या बाईला सुट्टी द्या, आजारपणाचा खर्च द्या, तिच्या मुलीची फी भरा. वारसा ही उधारी फेडायची जागा नाही. आणि कुणी मावशीला त्या ‘सेवा करणाऱ्या’ म्हणत असेल, तर त्यांना नातं समजलेलं नाही. तापात तुमच्या नवऱ्याने तुमच्या कपाळावर पट्टी ठेवली, तर तुम्ही त्याला सेवा म्हणता का?

नावाचा दावा

तिसरं उत्तर दानाचं. यात मला सगळ्यात जास्त आशा दिसते आणि सगळ्यात जास्त भीतीही. भीती आपल्या देवळातल्या पंख्यांची. तीन पाती, तिन्हींवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, वाचायचं तर उकडून घ्यावं लागतं. मूल नसण्याचं दुःख आपल्याकडे नाव पुसलं जाण्याचं दुःख म्हणून शिकवलं जातं, मग लोक मिळेल त्या पृष्ठभागावर नाव रंगवत सुटतात. संस्थेला पंख्यापेक्षा वीजबिलाची गरज आहे का, हे विचारायचं राहून जातं.

आशा कशाची, तेही सांगते. दोराबजी टाटा आणि मेहेरबाई यांना मूल नव्हतं. १९३१ मध्ये मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. १९३२ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या काही महिने आधी, दोराबजींनी जवळजवळ सगळी संपत्ती एका ट्रस्टच्या हवाली केली, अगदी मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही. त्या ट्रस्टमधून १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, जिला आज आपण ‘टिस’ म्हणतो, आणि १९४१ मध्ये परळचं कॅन्सर हॉस्पिटल. गावाकडून रिपोर्टची पिशवी घेऊन ‘टाटा’ला निघालेलं माणूस तुमच्याही नात्यात असेल. त्या दारावर नाव आहेच. पण तिथे रांगेत उभं राहणाऱ्याला दोराबजी कोण हे माहीत असण्याची गरज नाही, उपचार मिळतात.

पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी तर मरणापर्यंत थांबायचीही तसदी घेतली नाही. मूल नाही, हातात पैसा आहे, तर प्रतिष्ठान काढून हयातीतच देत राहिले. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते त्यांच्या देणगीच्या बळावर. कुणाचा तरी बाप दारू सोडून घरी आला. ‘वंशाचा दिवा’ म्हणतात तो असाही लागतो.

टाटांची किंवा पुलंची ऐपत तुमची-माझी नाही, कबूल. पण प्रश्न तोच आहे. हे पैसे कुठे ठेवले तर जास्तीत जास्त दिवस कामाला येतील?

मग कुणाला?

बरेच महिने डोकं खाऊन आम्ही दोघांनी तीन प्रश्न ठरवले. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला : मी उद्या गेले, तर कुणाचं छप्पर, औषध किंवा शिक्षण थांबेल? त्यांची सोय आधी. इथे रक्त, लग्न, मैत्री काही विचारायचं नाही, कोसळणार कोण एवढंच बघायचं. आत्याने हा एक प्रश्न कागदावर उतरवला असता, तर मावशी आज बदलापूरला नसत्या.

दुसरा : हे माझ्याकडे आलं कुठून? देवगडला आमचं घर आहे, सहा कलमं आहेत, त्यात माझा हिस्सा आहे. तो मी कमावलेला नाही. तो भाचा-भाचीला. ज्या घरातून आलं त्या घरात परत. दादाचं इथे बरोबर होतं आणि मी ते त्याला सांगितलं. माझ्या पगारातून आलेल्या गोष्टींवर मात्र कुणाचाही ‘आहेतच की’ चालणार नाही.

तिसरा : उरलेलं कुणाच्या हातात जास्त उपयोगी पडेल? इथे तुमची आवड, तुमचं वेड, तुमचा राग सगळं येऊ द्या. गावातलं वाचनालय, दुर्मीळ आजारावर काम करणारी संस्था, रात्रशाळा, भटकी कुत्री. पण पैसे ठेवण्याआधी त्या संस्थेत जा, हिशेब मागा, त्यांना खरंच काय हवंय ते विचारा. हिशेब दाखवायला कुरकुर करणारी संस्था तुम्ही गेल्यावर काय दाखवणार!

‘ह्याला की त्याला’ अशी ओढाताण बऱ्याचदा खोटी असते, हेही आम्हाला कळलं. मृत्युपत्रात घर एकाला हयातभर राहायला आणि त्यानंतर मालकीने दुसऱ्याला देता येतं. आत्याचं घर मावशींना त्यांच्या हयातीपर्यंत आणि मग भाचरांना किंवा शाळेला, असं चार ओळींत लिहिता आलं असतं. कुणाचंही नुकसान झालं नसतं.

“आमच्याकडे आहेच काय,” असं तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील. पीएफ आहे. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स आहे. एसआयपी आहे. निम्मा फिटलेला फ्लॅट किंवा गाडी आहे. चॅनेलवरून महिन्याला काही हजार येत असतील तर तेही आहे. मांजर आहे, जिला तुमच्यानंतर कोण घेणार ते ठरलेलं नाही. आणि मुलं नकोत असं तुम्ही जर पंचविशीतच ठरवत असाल, तर हा प्रश्न त्या निर्णयाचाच अर्धा भाग आहे. ‘आमचं आयुष्य, आमचा निर्णय’ ही भाषा मला पटते. मग तो निर्णय शेवटच्या पानापर्यंत न्या. मधेच सोडला, तर शेवटचं पान १९५६ च्या शाईने भरलं जाईल.

काम अवघड नाही. वय अठरा पूर्ण, डोकं ठिकाणावर. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही, आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार असे निवडा ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही आणि जे तुमच्यापेक्षा वयाने लहान आहेत. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण नातेवाईक भांडतील असं वाटत असेल तर करून ठेवा. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर नेमा. मन बदललं तर नवीन करा, शेवटचं असेल ते चालतं. मुस्लीम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही आणि गोव्यात वारसांचा राखीव हिस्सा असतो, म्हणून तिथे वकिलाला आधी विचारा. आणि मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते किमान दोघांना सांगा. कपाटात लपवलेलं मृत्युपत्र न केल्यासारखंच.

आमचं झालं. एकमेकांच्या नावे आधी, मग दोन्ही आयांची सोय, मग देवगड भाचरांना, मग उरलेलं घर विकून एका रात्रशाळेला. माझ्या मृत्युपत्रात आणखी एक ओळ आहे. मावशींच्या आधी मी गेले, तर त्यांचं भाडं एका ठेवीच्या व्याजातून चालू राहील. दादाने साक्षीदार म्हणून सही केली नाही. मी करूही दिली नसती, त्याची मुलं आत आहेत. पण तो त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर आमच्यासाठी टोकन घेऊन उभा होता.

गेल्या उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. “ये एकदा, मला ते करून टाकायचंय.” या वेळी मी दिवाळीची वाट पाहिली नाही, त्याच रविवारी गेले. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. खालच्या मजल्यावरचा क्लासवाला आणि समोरच्या मेडिकलचा मालक साक्षीदार. पेन्शनमधून साठवलेले पैसे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला. शिलाई मशीन त्या बाईंना. आत्याच्या वह्या शाळेला, शाळेने नाही घेतल्या तर मला. एक्झिक्युटर म्हणूनही मलाच नेमलंय.

सही करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला पैशातलं काही ठेवलं नाही हं. तुझ्याकडे आहे.”

मी म्हटलं, “बरोबर आहे, मावशी.”